लंगडा बगळा सहा तारखेला गेला

“कोणती बाई,” मी पेइलानला विचारलं, “नवरा जाऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर यमकं ठरवून देते?”

पेइलान म्हणजे माझी बायको. ती मुळ्याची सालं काढत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मला काय विचारतोस? मी अजून विधवा झालेली नाही. आणि ते मांजर बंद कर. आईचा फोन यायचाय.”

मांजर म्हणजे मोडेम. आमच्या आनछिंगमध्येच काय, देशभर सगळे त्याला मांजरच म्हणतात, आमच्या भाषेत उच्चार जवळचा म्हणून. ते चालू असलं की घरचा फोन मुका होतो, आणि सासूबाई पलीकडून नंबर फिरवून फिरवून कावतात. पण त्या संध्याकाळी मी हलणार नव्हतो. पडद्यावर जे आलं होतं ते मी चौथ्यांदा वाचत होतो.

“मी लंगड्या बगळ्याची पत्नी. हे परवा, सहा तारखेला संध्याकाळी गेले. त्यांची शेवटची कविता खाली देते आहे. मित्रांनी तिच्याच यमकांवर शोकगीतं लिहिली, तर त्यांना समाधान वाटेल.”

खाली चार ओळी होत्या.

*तीस वर्षं पडद्यावर दुसऱ्यांचा उजेड सोडला,*
*खेळ संपता एकट्याने रिकामा हॉल झाडला;*
*आता माझी फीत सरली, चाक नुसतं फिरत राही,*
*निघताना कोणी तरी दरवाजा हळूच ओढला.*

कविता चांगली होती. त्यामुळेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

इंटरनेटवरच्या आमच्या मंचावर जुन्या वळणाच्या कविता लिहिणारे दोनेकशे लोक होते. एकाने कविता टाकली की दुसऱ्याने तिला जबाब द्यायचा, तोही त्याच यमकाच्या शब्दांत, त्याच क्रमाने. हजार-बाराशे वर्षं मित्र मित्रांना अशीच उत्तरं देत आले. पूर्वी त्यासाठी घोडेस्वार धाडत, आम्ही मांजर लावत होतो, एवढाच फरक. आता सांगा, जिचं कपाळ नुकतं पांढरं झालंय अशी बाई चुलीपाशी रडेल, पाहुण्यांना पाणी देईल, नाही तर भिंतीकडे तोंड करून पडून राहील. ती ‘सोडला, झाडला, ओढला’ या क्रमाने शोक करा असं सांगत बसेल का? असला हट्ट जगात फक्त कवीचा असतो. आणि मेलेला कवी टंकलेखन करत नाही.

मी मंचप्रमुख होतो. तिथलं टोपणनाव ‘खिडकीवाला’, कारण नोकरीत मी खिडकीतच बसतो. पेठेच्या पोलीस चौकीत रहिवासी नोंदणीची खिडकी आहे. जन्माला आलेल्याला वहीत चढवायचं, मेलेल्याला वहीतून उतरवायचं. बावीस वर्षं हेच. मेलेल्याच्या नावावर धान्य उचलणारे मी पाहिलेत, जिवंत भावाला कागदावर मारून खोली लाटायला निघालेले पाहिलेत. डोळ्यांत पाणी आणून बोलणाऱ्याकडे मी आधी कागद मागतो. लोक मला दगड म्हणतात. म्हणोत. बावीस वर्षांत माझ्या हातून एकही जिवंत माणूस वहीतून उतरलेला नाही.

पण मंचावर मी एकदा फसलो होतो. त्याच वर्षीच्या वसंतात ‘वायव्येचा वारा’ नावाचा एक जण गेल्याचं त्याच्या बहिणीने लिहिलं. रस्त्यावर अपघात, वय एकतीस. अख्खा मंच रडला. त्र्याहत्तर शोकगीतं जमली. मी सोळा ओळींचं लिहिलं, आणि लाज कशाला बाळगू, लिहिताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पेइलानने टॉवेल आणून दिला होता. चाळीस दिवसांनी तोच गडी दुसरी बंडी चढवून हजर. दुसऱ्या नावाने मंचावर येण्याला आमच्यात ‘बंडी चढवणं’ म्हणतात. त्याने त्र्याहत्तर शोकगीतांना गुण दिले. मला दहापैकी चार. खाली शेरा: ‘भावना खरी, पण ओलसर.’

तेव्हापासून मी कानाला खडा लावला. मंचावर सूचना चिकटवली: यापुढे कोणाच्याही निधनाची बातमी मंचप्रमुखाने खात्री केल्याशिवाय ग्राह्य धरली जाणार नाही. लोकांनी टर उडवली. मंचावर मरायचं तर आधी खिडकीवाल्याचा शिक्का घ्या, म्हणाले. हसू दे, म्हटलं. पुन्हा कुणी माझ्या तोंडाला पानं पुसणार नाही.

तर त्या गुरुवारी, आठ तारखेला, मी ती बातमी कुलपात टाकली. म्हणजे दिसेल सगळ्यांना, पण खाली कोणी काही लिहू शकणार नाही. वर दोन शब्द टाकले: ‘खात्री बाकी.’

दहा मिनिटांत ‘अर्धी वाटी’चा निरोप आला. ही बाई तिकडे पश्चिमेला कुठेशी शाळामास्तरीण, जीभ विळीसारखी.

“खिडकीवाले, कुलूप काढा.”

“खात्री झाल्यावर.”

“माणसं कधी कधी खरंच मरतात हो.”

“मरतात. ती यमकं देत नाहीत.”

“त्याची बायको असेल हौशी.”

“त्याची बायको चिनी मातीच्या कारखान्यात भट्टीवर होती. तिला कवितेचा कंटाळा आहे, असं त्यानेच तीन वेळा लिहिलंय.”

“तुम्ही लोकांचं सगळं लक्षात ठेवता का?”

“नोकरीच ती आहे.”

“मग एक गोष्ट लक्षात ठेवा,” तिने लिहिलं. “तो खरंच गेला असेल, तर तुम्ही त्याच्या दारात कुलूप लावून बसलाय.”

मी मांजर बंद केलं. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे खरं. रागाने म्हणा, कशाने म्हणा. लंगडा बगळा माझा मित्र होता. दोन वर्षांत आम्ही एकमेकांना शंभरावर कविता टाकल्या होत्या, आणि आमची प्रत्यक्ष भेट झाली नसली तरी माझ्या ओळीत कुठे खोट आहे ते त्याच्याइतकं अचूक कुणी दाखवलं नव्हतं. वायव्येच्या वाऱ्याने फसवलं तेव्हा मी चिडलो होतो. यानेही फसवलं असेल तर ते मला लागणार होतं. म्हणून त्याचं पितळ मीच, स्वतः जाऊन, समोरासमोर उघडं पाडायचं ठरवलं.

पत्ता होता माझ्याकडे. गेल्या वर्षी त्याने डोंगरातला चहा पाठवला होता, पाकिटावर लिहिलं होतं: मू हनशंग, जुन्या चित्रपटगृहाची कर्मचारी चाळ, छिजौ.

शनिवारी सकाळी निघालो. पेइलानने पिशवीत कुरकुरीत भाजलेला भात बांधून दिला. आमच्याकडे आजाऱ्याला, बाळंतिणीला कोंबडीच्या रश्शात टाकून देतात तो.

“हा कशाला?” मी म्हटलं. “तो मेलेला तरी असेल, नाही तर ठणठणीत.”

“दोन्ही नसेल तर?” ती म्हणाली.

नदीवर धुकं होतं. होडीवाल्यांनी तासभर खोळंबा केला. पलीकडे बस मिळाली, ती भाताच्या खुंटांमधून हेलकावे खात गेली. वाटेत मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. पहिलं वाक्य ठरलं होतं: ‘यमकं छान निवडलीत.’

चित्रपटगृह आता फर्निचरचं दुकान झालं होतं. मागे दुमजली चाळ. नळावर एक जाडशी बाई चादर पिळत होती. मी आधी दारांकडे पाहिलं. कुठेही शोकाचा पांढरा कागद नाही, फुलांचं चक्र नाही, बाईच्या दंडावर काळी पट्टी नाही. माझ्या छातीत काहीतरी एकदम हलकं झालं. त्याचं नाव आनंद होतं की विजय, ते तेव्हा नाही कळलं.

“मू हनशंग इथेच राहतात का?”

“इथेच. वर. तुम्ही कोण?”

“आहेत घरी?”

“आहेत ना. कुठे जाणार आहेत ते?” असं म्हणून तिने चादर बादलीत आपटली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही आनछिंगचे का? ते खिडकीवाले?”

मी हो म्हटलं.

“बरं झालं बाई, आलात,” ती म्हणाली. “चला.”

सापडलास, असं मनात म्हणत मी जिना चढलो.

खोलीत खिडकीशी पलंग होता. पलंगाला टेकून शिवणयंत्राचं टेबल, त्यावर कॉम्प्युटर. पलंगावर बसलेल्या माणसाचा चेहरा पिवळा होता. उन्हाने नव्हे, दिव्याने नव्हे, आतूनच पिवळा. डोळ्यांचं पांढरंही पिवळं. हात काडीसारखे, आणि पांघरुणाखाली पोट फुगलेलं. जुळवून आणलेलं वाक्य माझ्या तोंडातून निघालंच नाही.

“आलास?” तो म्हणाला. “मला वाटलंच, तूच येणार. दाखला बघायला?”

नळावरची ती बाई, म्हणजे मू वहिनी, खुर्ची पुढे सरकवत म्हणाली, “कसला दाखला?”

“चहाचा ग. मी यांना पाठवलेला चहा डोंगरातलाच का, याचा दाखला हवाय यांना. संशयी माणूस. तू पाणी ठेव.”

ती गेली. मी म्हटलं, “यकृत?”

“हो. कापण्यातलं राहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाला महिना. त्याला सगळं गोल करून सांगायची सवय आहे, तेव्हा वीस-बावीस दिवस धर.”

“मंचावर बोलला नाहीस कधी.”

“मंचावर काय बोलायचं? यकृतावर यमक?”

मला हसू आलं नाही. मला राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. “मग हे काय केलंस? जिवंतपणी स्वतःच्या मरणाची दवंडी? बायकोच्या नावाने?”

“हळू बोल. तिला माहीत नाही.”

“वायव्येच्या वाऱ्यात आणि तुझ्यात फरक काय मग?”

“त्याला मरायचं नव्हतं,” तो म्हणाला. “मला मरायचंय. मी खोटं कुठे बोललोय? थोडं आधी बोललोय.”

“आधी म्हणजे खोटंच.”

“खिडकीवाल्या, तू सांग. तीस वर्षं मी त्या हॉलमध्ये मागच्या कोंदट खोलीत यंत्र चालवलं. लोक पुढे हसायचे, रडायचे. एकाने कधी मागे वळून पाहिलं नाही, आणि पाहू नयेच, त्यात माझी तक्रार नाही. हॉल बंद झाला तेव्हा घरी पाठवलं. मग तो कॉम्प्युटर घेतला, आणि पन्नाशीत पहिल्यांदा माझ्या नावाने कुणीतरी काहीतरी लिहायला लागलं. दोन वर्षं. आता मी गेलो की तुम्ही लिहाल, मला माहीत आहे. चांगलं लिहाल. माझ्याबद्दल आयुष्यात एकदाच सगळे मिळून लिहाल, आणि नेमकं तेच मला वाचायला मिळणार नाही.” त्याला धाप लागली. “कुलूप काढ.”

“नाही.”

“का?”

“कारण खाली मला लिहावं लागेल की खात्री केली. माझ्या नावाने.”

त्याने पांघरूण वर ओढलं. “बरोबर आहे,” म्हणाला. “तुझ्या जागी मी असतो तर मीही काढलं नसतं.” आणि तेवढ्यावर त्याने तो विषय सोडला. मग माझ्या मागच्या महिन्यातल्या एका कवितेच्या सहाव्या ओळीवर घसरला. ती ओळ पाहुण्याने उधार आणलेल्या कोटासारखी आहे, खांद्यात बसते पण बाह्या लांब, असं म्हणाला. मी भांडलो. तो बरोबर होता. पण मी भांडलो.

वहिनीने कोंबडीचा रस्सा केला होता. पेइलानचा भात त्यात टाकला. तो दोन चमचे खाऊन थांबला. “जिभेला चव नाही,” म्हणाला, “पण आवाज छान येतोय.”

मी निघालो तेव्हा वहिनी मला बसपर्यंत सोडायला आली. फर्निचरच्या दुकानासमोर थांबून तिने इकडेतिकडे पाहिलं.

“भाऊ, तुम्हाला त्या यंत्रातलं कळतं ना?”

“थोडंफार.”

“ते बिघडलंय का हो? बघितलंत का तुम्ही? गुरुवारपासून रोज सकाळी उठले की पहिलं ते लावतात. ते मांजर ओरडतं, मग हे पडद्याकडे बघत बसतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग बंद करतात. आणि त्यानंतर जेवत नाहीत. तुमच्यासमोर दोन चमचे तरी खाल्ले, दोन दिवसांत पहिल्यांदा. मी विचारते, काय झालं? तर म्हणतात, काही आलं नाही. काय यायचंय? कुणाचं पत्र अडकलंय का आत? दुरुस्तीवाल्याला बोलावू का?”

मी तिला म्हटलं, यंत्र ठीक आहे. मी घरी गेलो की तिकडून बघतो.

“तिकडून होतं?”

“होतं,” मी म्हटलं.

परतीच्या होडीत मी उभाच राहिलो. मी तिथे चोर पकडायला गेलो होतो, आणि चोर सापडलाही होता. माझा संशय अक्षरन् अक्षर खरा निघाला. यमकं बायकोने दिली नव्हती, माणूस मेला नव्हता, सगळं अगदी मी म्हटलं तसं. बावीस वर्षांत इतका बरोबर ठरूनही मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा पेइलान जेवण वाढत होती. मी कोट न काढता मांजर लावलं.

“कसा आहे?” तिने विचारलं.

“दोन्ही नाही,” मी म्हटलं.

मी कुलूप काढलं. वर लिहिलं: “मी स्वतः छिजौला जाऊन आलो. खात्री केली आहे. लंगडा बगळा सहा तारखेला गेला. शोकगीतं यमकं सांभाळून लिहावीत.” आणि खाली माझं नाव. बटण दाबायच्या आधी माझा हात थांबला. खोटं सांगणार नाही, बराच वेळ थांबला. पेइलान मागे येऊन उभी होती. तिने पडदा वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि जेवणाचं ताट झाकून ठेवलं.

पहिलं शोकगीत सात मिनिटांत आलं. अर्ध्या वाटीचं. बहुतेक लिहून ठेवलेलं असणार.

चार दिवसांत एकसष्ट झाली. बुधवारी दुपारी चौकीत फोन आला.

“खिडकीवाल्या,” पलीकडचा आवाज धापा टाकत होता, पण आनंदाने. “‘पूर्वेच्या पुलावरचा’ याने लिहिलंय ते वाचलंस?”

“वाचलं.”

“अरे ते वायव्येच्या वाऱ्यावरचंच आहे! तिथे वारा होता, इथे बगळा घातलाय. शब्द बसेना म्हणून ‘लंगडा’ गाळलाय. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. एक ओळ तर तशीच राहिलीय, ‘तारुण्यातच मालवलास’! छप्पन्न वर्षांचा घोडा मी, तारुण्यात मालवलो!” तो हसता हसता खोकायला लागला. मागून वहिनीचा आवाज आला, अहो पुरे. “आणखी तिघांनी हेच केलंय. एकसष्टांपैकी चार उष्टी. तू एवढा संशयी, तुला कसं दिसलं नाही?”

दिसलं होतं. मी बोललो नव्हतो.

“बाकीची?” मी विचारलं.

खिडकीसमोर एक आजोबा नातवाच्या जन्माचा कागद घेऊन ताटकळत होते. मी त्यांना हाताने थांबवलं.

“अर्ध्या वाटीचं,” तो म्हणाला, “मी तीनदा वाचून घेतलं. मग कागदावर उतरवून घेतलं. हिच्या हातून. हिला वाटतंय माझ्या कुणा मित्रावर आहे. लिहिता लिहिता म्हणाली, चांगला माणूस दिसतोय बिचारा.” मग म्हणाला, “आज मी पोळी खाल्ली एक. अख्खी.”

“बरं केलंस.”

“तुझं कुठे आहे?”

“माझं काय?”

“एकसष्टांत तुझं नाही. मी दोनदा मोजली.”

“जिवंत माणसावर मला नाही लिहिता येत,” मी म्हटलं. आजोबांनी दचकून माझ्याकडे पाहिलं.

“मग नंतर लिही,” तो म्हणाला. “मी काही वाचणार नाही, तेव्हा सहावी ओळ हवी तितकी ढिली ठेव.”

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मीच एकदा केला, तेव्हा वहिनी म्हणाली झोपलेत. मंचावर मात्र मला वेगळाच ताप सुरू झाला. अर्ध्या वाटीला त्याच्या बायकोचा पत्ता हवा होता. तिला सांत्वनाचं पत्र धाडायचं होतं, शाळेच्या मुलांनी कागदाचे बगळे केले होते तेही. मी पत्ता देईना.

“का देत नाही?” तिने सगळ्यांसमोर विचारलं.

“घरच्यांची इच्छा नाही.”

“घरच्यांनीच तर शोकगीतं मागितली. आणि आता पत्र नको?”

मग दुसरा कोणी म्हणाला, खिडकीवाला तिथे गेला होता तर त्याने अंत्यविधीबद्दल एक अक्षरही का लिहिलं नाही. तिसरा म्हणाला, मित्र मित्र म्हणतो, आणि चार ओळी लिहायला याला वेळ नाही. चौथ्याने सरळ विचारलं, गेला तरी होता का छिजौला? कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाच्या शब्दावर आपण का ठेवायचा?

प्रश्न रास्त होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही विचारला असता. मला भीती एकच होती, की तो तिकडे हे वाचेल. म्हणून मी मंचप्रमुखाच्या अधिकारात ती सगळी विचारणा पुसून टाकली, आणि त्याने संशय आणखी वाढला. अर्ध्या वाटीने खासगी निरोप पाठवला: “तुम्ही काहीतरी लपवताय. मला वाटायचं तुम्ही फक्त कडू आहात. अप्रामाणिक असाल असं वाटलं नव्हतं.” हे मला झोंबलं. पण काय सांगणार होतो?

एकोणतीस तारखेला, गुरुवारी, साडेदहाच्या सुमाराला चौकीत फोन वाजला. वहिनी होती. रडत नव्हती. आवाज नुकतंच घर झाडून बसल्यासारखा होता.

“भाऊ, हे गेले. पहाटे.”

मी उभा राहिलो. समोर रांग होती. पुन्हा बसलो.

“तुम्ही त्या नोंदणीतले म्हणून विचारते,” ती म्हणाली. “नाव कमी करायला काय काय लागतं? इथले लोक नीट सांगत नाहीत.”

“इस्पितळाचा मृत्यूचा दाखला,” मी म्हटलं. “तुमच्या घरची नोंदणीवही. तुमचं ओळखपत्र. त्यांचंही घेऊन जा, ते परत करावं लागतं. महिन्याच्या आत जा.”

“थांबा, लिहून घेते.” कागदाचा आवाज आला. “आणि तारीख? आजचीच ना? पहाटे चार वाजता गेले. लोक म्हणतात पहाटेचं आदल्या दिवसात धरतात.”

“नाही. आजचीच. एकोणतीस.”

“एकोणतीस,” ती लिहिता लिहिता म्हणाली. मग म्हणाली, “तुम्ही ते यंत्र नीट केलंत तिकडून, फार उपकार झाले. शेवटपर्यंत रोज लावत होते. वाचायचे आणि पेन्सिलने वहीत काहीतरी दुरुस्त्या करायचे. काल सुद्धा. लोकांनी खूप पत्रं पाठवली वाटतं?”

“एकसष्ट,” मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर रांगेतल्या पहिल्या बाईचा कागद घेतला. तिच्या सासऱ्याचा होता. मी तो उलटसुलट करून पाहिला, जसा नेहमी पाहतो. मग वहीत सासऱ्याचं नाव काढलं, त्याच्यावर रेघ मारली, आणि शिक्का उलटा उमटवला, तेव्हा बाईच मला म्हणाली, “साहेब, पाणी हवंय का?”

मला कुणाला सांगता येत नव्हतं. हे माझ्या ध्यानात येईपर्यंत दुपार झाली. तो गेला होता, माझ्या ओळखीत कवितेचं कळणारी दोनशे माणसं होती, आणि त्यातल्या एकालाही मी ‘तो गेला’ असं म्हणू शकत नव्हतो. सगळ्यांना ते तीन आठवड्यांपूर्वीच माहीत होतं. सगळ्यांचं रडून झालं होतं. मंचावर त्या दिवशी शेवंतीवरच्या कवितांची स्पर्धा चालली होती.

संध्याकाळी घरी आलो. पेइलानला सांगितलं. ती फक्त “अगं बाई” म्हणाली आणि तिने आईला शेजाऱ्यांकडून फोन करून कळवलं की आज आमचा फोन लागणार नाही.

मी आठ ओळी लिहिल्या. सोडला, झाडला, ओढला, तोच क्रम, दोनदा. सहावी ओळ मी अकरा वेळा बदलली, आणि तरी तिच्या बाह्या लांबच राहिल्या. सांगायला कोणी नव्हतं. मग आमच्या रीतीप्रमाणे वर मथळा घातला: ‘एकोणतीस तारखेला लंगडा बगळा गेला, त्याच्या यमकांवर.’ आणि त्या जुन्या बातमीखाली, एकसष्टांच्या खाली, टाकून दिली.

अर्धी वाटी मंचावर होतीच.

“खिडकीवाले,” तिने लिहिलं, “आता सुचलं का? उशिरा का होईना, चांगलं आहे. तिसरी आणि चौथी ओळ तर खरंच चांगली आहे. सहावी जरा लांबली.” आणि थोड्या वेळाने, मागे राग उरलेला असावा तसं: “पण एवढी खात्री करून आलात, आणि मित्राची तारीख चुकवलीत. तो सहाला गेला.”

खाली दोघा-तिघांनी हसरे चेहरे चिकटवले. वहीतली एक तारीख चुकली तर माणसाला परत घरी पाठवणारा मी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“बरोबर आहे,” मी लिहिलं. “सहाच. माझी चूक झाली. दुरुस्त करतो.”

मंचप्रमुखाला मथळा बदलता येतो. मी ‘एकोणतीस’ खोडलं, तिथे ‘सहा’ लिहिलं, आणि बटण दाबलं.